चार तारा की पाच, पी की जे: बेळगाव भागातल्या ऑर्केस्ट्रासाठी बेस निवडताना

खानापूरचा एक मुलगा गेल्या महिन्यात आमच्या प्रॅक्टिसला आला होता. टिळकवाडीत तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ एका मित्राच्या घरी वरच्या खोलीत आम्ही आठवड्यातून दोनदा बसतो. मुलगा साधी गिटार दोन वर्षं वाजवतोय. गावातल्या पोरांनी मिळून ऑर्केस्ट्रा काढायचं ठरवलं, बेस गिटार वाजवणारा कुणी मिळेना, म्हणून ते काम याच्याकडे आलं. त्याने विचारलं, "दादा, चार तारांचा घेऊ की पाच तारांचा? पी घेऊ की जे?" (पी म्हणजे प्रिसिजन बेस, जे म्हणजे जॅझ बेस, बेस गिटारच्या या दोन जाती.) मी त्याला उलट विचारलं, "तुमचे गायक कुठल्या पट्टीत गातात?" ते त्याला माहीत नव्हतं. दुकानदारही हे विचारत नाही आणि व्हिडिओतही कुणी सांगत नाही. पण आपल्या भागात भावगीतं, जुनी हिंदी आणि कन्नड गाणी एकाच कार्यक्रमात वाजवणाऱ्या माणसाने बेसची निवड इथूनच सुरू करावी, असं माझं सोळा वर्षं वाजवल्यानंतरचं मत आहे.

चार की पाच: आधी पट्टी बघा

चार तारांचा बेस खालून वर ई, ए, डी, जी असा लावतात. सगळ्यात खालचा सूर ई, म्हणजे साधारण ४१ हर्ट्झ. पाच तारांच्या बेसला त्याखाली बीची जाड तार असते, ती ३१ हर्ट्झपर्यंत उतरते. फरक पाच सुरांचा: बी, सी, सी शार्प, डी आणि डी शार्प. आता हे पेटीच्या भाषेत मांडून बघू: पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी दोन म्हणजे डी, याच क्रमाने पुढे.

आपले बरेचसे पुरुष गायक पांढरी एक ते काळी दोन या टापूत गातात. काळी एकचा सा चार तारांच्या बेसवर ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गळ्यावरची धातूची आडवी कड) आहे आणि त्याच्या खालचा पंचम बरोबर शेजारी, ई तारेच्या चौथ्या फ्रेटवर. काळी दोन असेल तर दोन्ही सहाव्या फ्रेटवर. बेसचं निम्मं काम सा आणि खालचा पंचम यांच्यातच चालतं, आणि ते इथे हात न हलवता होतं. हुकतो तो फक्त एक सप्तक खालचा सा. पुरुष गायकांचाच ऑर्केस्ट्रा असेल तर चार तारा पुरेशा आहेत.

बाईंचं गाणं आलं की हिशेब बदलतो. काळी पाचमध्ये अडचण नाही, सा ई तारेच्या सहाव्या फ्रेटवर आणि खालचा पंचम त्याच तारेच्या पहिल्या फ्रेटवर. पांढरी सहामध्ये तर खालचा पंचम म्हणजे मोकळी ई तारच. पण काळी चार घ्या. सा ई तारेच्या चौथ्या फ्रेटवर मिळतो, त्याच्या खालचा पंचम डी शार्प, आणि तो चार तारांवर नाहीच. मग वरचा पंचम घ्यावा लागतो. ओळ खाली बसायच्या ऐवजी वर उडी मारते आणि ठेक्याचं वजन कमी होतं. पांढरी तीनपासून काळी चारपर्यंतच्या सगळ्या पट्ट्यांत हीच गत होते.

आमच्याकडे चार वर्षांपूर्वी काळी चारमध्ये गाणाऱ्या ताई आल्या, तेव्हा पहिल्यांदा मला पाचव्या तारेची गरज पडली. तोवर मी ती निरर्थक समजत होतो. मी एका मित्राचा पाच तारांचा बेस महिनाभर आणून वाजवला. खालचा पंचम मिळाला आणि ओळ जागेवर बसली. पण दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, स्वस्त पाच तारांच्या बेसवर बीची तार अनेकदा ढिली आणि मठ्ठ वाजते, सूर कुठला ते पटकन कळत नाही. दुसरी, आपल्याकडे कार्यालयात आणि मांडवात जे बारा-पंधरा इंची स्पीकर लागतात, ते ५० हर्ट्झच्या खाली दम सोडतात. फक्त खालच्या सुरांचा वेगळा स्पीकर, म्हणजे सब, असेल तर ठीक. नसेल तर ३१ हर्ट्झच्या सुराची चाहूल फक्त त्याच्या वरच्या स्वरांशांमुळे लागते.

शेवटी मी माझ्या चार तारांच्या बेसची ई तार दोन सूर उतरवून डी केली. डी आणि डी शार्प दोन्ही आले, म्हणजे काळी चार आणि पांढरी पाच सुटल्या. त्या तारेवरचं सगळं दोन फ्रेट पुढे सरकतं, याची बोटांना सवय व्हायला तीन आठवडे लागले. पैसा एकही गेला नाही. म्हणून नवशिक्याला मी चारच सांगतो. मात्र तुमच्या बँडची मुख्य गायिका पांढरी चार किंवा काळी तीनवर गात असेल आणि कार्यक्रम बहुतेक तिच्याच गाण्यांचे असतील, तर पाच घ्या. फक्त थोडे थांबून, जरा बरा मिळेल तेव्हा घ्या.

पी की जे

अमेरिकेतल्या गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला. उभ्या डबल बेसवर फ्रेट नसतात, सूर कानाने शोधावा लागतो. इथे फ्रेटमुळे सूर नेमका मिळतो, म्हणून ते नाव. १९५७ मध्ये त्याचा पिकअप (तारांचा कंप पकडून विजेत बदलणारा चुंबकी भाग) दोन तुकड्यांत विभागला गेला, आणि तेच पीचं आजचं रूप आहे. १९६० मध्ये जॅझ बेस आला, त्यात दोन वेगळे पिकअप असतात. आज बाजारात दिसणाऱ्या बहुतेक बेसची मुळं या दोघांत सापडतात.

पीमध्ये एक आवाजाचा खुंटा, एक टोनचा, बस्स. आवाज मधल्या पट्ट्यात भरीव, जरा गुरगुरता. घरी एकट्याने वाजवताना तो ओबडधोबड वाटतो आणि दुकानात तर जेसमोर फिकाच पडतो. पण ढोलकी, ऑक्टोपॅड, दोन कीबोर्ड आणि गायकाचा प्रतिध्वनी असा सगळा गलका सुरू झाला की पी ऐकू येतो. जेचे दोन्ही पिकअप पूर्ण उघडले की मधला भाग थोडा खाली जातो, वरचा आणि खालचा उठून दिसतो. आवाज सुंदर असतो, पण दाट वाद्यमेळात विरून जातो. माझ्या पहिल्या जेवर मी वर्षभर वाजवलं, आणि आमचा ढोलकीवाला दर कार्यक्रमानंतर म्हणायचा, "काय वाजवूलास बे, ऐकूच येईना बघ." मी आवाज वाढवत होतो. वाढवायला हवा होता मधला भाग.

जेच्या बाजूने दोन गोष्टी नक्की आहेत. बेसचा गळा, म्हणजे फ्रेट असलेला लांब भाग, बारीक असतो. वरच्या टोकाला, म्हणजे नटपाशी, जेची रुंदी ३८ मिलिमीटरच्या आसपास आणि मूळ पीची ४२च्या आसपास. लहान हाताच्या माणसाला चार मिलिमीटरचा फरक लगेच जाणवतो. दुसरं, मागचा पिकअप एकटा उघडला की बोटांचं काम स्वच्छ, टोकदार ऐकू येतं. वेगवान ओळी वाजवायच्या असतील किंवा तीन-चार जणांचाच बँड असेल, तर जे आनंद देतो.

पण तोच एकटा पिकअप गुणगुणतो. जेचे दोन्ही पिकअप सारखे उघडले की ही गुणगुण एकमेकांत मिटते, एक कमी केला की परत येते. मांडवात डिमरवरचे दिवे आणि एलईडीच्या माळा यांच्याजवळ उभं राहिलं की ती आणखी वाढते. पीचा दुभागलेला पिकअप ही गुणगुण मुळातच मारतो. गणपतीच्या दहा दिवसांत रोज वेगळ्या गल्लीतल्या मांडवात, वेगळ्या विजेवर वाजवणाऱ्याला याची किंमत कळते.

मधला मार्ग पी-जेचा: पुढे पीचा पिकअप, मागे जेचा. यामाहाचा टीआरबीएक्स १७४ किंवा स्क्वायरच्या अफिनिटी मालिकेतला पी-जे याच जातीचे. यांत मागचा पिकअप उघडला की थोडी गुणगुण राहतेच, कारण तिला मिटवायला पुढे जोडीदार नसतो. तरी पहिला बेस म्हणून मी पी-जेच सुचवतो. स्टेजवर पुढचा पिकअप, घरी शिकताना दोन्ही. अशा बेसचा गळा अनेकदा जेसारखा बारीक असतो, तो दुकानात हातात घेऊन बघा.

बॅटरीचा बेस

ॲक्टिव्ह बेसमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असते आणि आतच इक्वलायझर, म्हणजे खालचा-मधला-वरचा आवाज कमीजास्त करायची सोय. यामाहाचा टीआरबीएक्स ३०४ त्यातला. बेसवरूनच मधला भाग उठवता येतो ही त्याची खरी ताकद आहे, कारण आपल्याकडे मिक्सरवर बसलेला माणूस बेसकडे लक्ष देईलच असं नाही.

निपाणीत एका रिसेप्शनला माझ्या ॲक्टिव्ह बेसचा आवाज दुसऱ्या गाण्याच्या अंतऱ्यात फाटायला लागला आणि तिसऱ्यात गेला. आठवडाभर मी जॅक लावूनच बेस ठेवला होता. जॅक आत असला की वाजवा न वाजवा, बॅटरी संपत राहते. साउंडवाल्याकडे कॉर्डलेस माइकचे पेन्सिल सेल होते, चौकोनी बॅटरी रात्री साडेनऊला निपाणीत मिळाली नाही. उरलेला कार्यक्रम कीबोर्डवाल्याने डाव्या हाताने बेस वाजवून तारला. तेव्हापासून माझा स्टेजवरचा बेस पॅसिव्ह, म्हणजे बिनबॅटरीचा, आहे. तुम्ही जॅक काढायची आणि बॅगेत एक जादा बॅटरी ठेवायची शिस्त पाळणार असाल, तर ॲक्टिव्ह घ्यायला हरकत नाही.

(कीबोर्डवाल्याचा डावा हात हा वेगळाच विषय आहे. बेसवाला नसताना त्याला खालचे सूर धरायची सवय लागलेली असते. बेस आला की त्याला तो हात वर न्यायला प्रेमाने सांगा, नाहीतर कितीही महागडा बेस घेतला तरी तळाशी चिखलच होणार.)

तारा आणि पाऊस

राउंडवाउंड तारा (वरचं वेटोळं गोल तारेचं) चमकदार वाजतात, पण बेळगावच्या पावसात, आणि खानापूरकडे तर जास्तच, दोन-अडीच महिन्यांत मरतात. घाम, दमट हवा, गंज. फ्लॅटवाउंडच्या तारांवरचं वेटोळं सपाट असतं. त्या महाग असतात, पण वर्षानुवर्षं टिकतात. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांवर बेस वाजवणारा जेम्स जॅमरसन १९६२च्या प्रिसिजनवर फ्लॅटवाउंडच वापरायचा. भावगीतं आणि जुनी हिंदी गाणी हा तुमचा मुख्य माल असेल तर फ्लॅटवाउंडचा गोल, चटकन थांबणारा सूर तिथे जास्त शोभतो. नवीन कन्नड सिनेमाची गाणी जास्त असतील तर राउंडवाउंडच हव्यात. मग वाजवून झालं की प्रत्येक वेळी तारा कोरड्या फडक्याने पुसायच्या, आणि बेस ओल धरलेल्या भिंतीला टेकवायचा नाही.

अँप की थेट मिक्सर

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. गिटारच्या छोट्या अँपला बेस जोडू नका, त्याचा स्पीकर खालच्या सुरांसाठी बनलेला नसतो आणि आवाज वाढवला की फाटतो. ड्रमसोबत ऐकू यायला बेसचा अँप १०० वॉटच्या पुढचाच लागतो. पंधरा इंची स्पीकरचा असा अँप दुचाकीवर नेता येत नाही, चिक्कोडीच्या एसटीत चढवता येत नाही, आणि दरवेळी गाडी केली की मिळालेलं मानधन गाडीतच जातं. गल्लीत भिंतीला भिंत लागून घरं असताना तो घरी पूर्ण आवाजात लावताही येत नाही.

त्याऐवजी डीआय बॉक्स घ्या. हाताच्या पंजाएवढी वस्तू. बेसचा जॅक आत, दुसऱ्या बाजूने माइकची तीन पिनांची वायर थेट मिक्सरला. पॅसिव्ह बेस असेल तर ॲक्टिव्ह डीआय बरा, कारण त्याला जोडल्यावर बेसचे वरचे सूर दबत नाहीत. त्याला मिक्सरकडून ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो. गावातल्या लहान मिक्सरवर तो नसतो, म्हणून बॅटरीवरही चालणारा बघून घ्या. टोनचे खुंटे असलेला प्रीअँप-डीआय मिळाला तर सोनं, मधला भाग तुम्हीच ठरवता. बेसपासून डीआयपर्यंतची वायर सहा मीटरच्या आत ठेवा.

या व्यवस्थेचा तोटा खरा आहे: तुम्हाला तुमचाच आवाज मॉनिटरवर (स्टेजवर वादकाकडे तोंड केलेल्या स्पीकरवर) अवलंबून राहून ऐकावा लागतो. मॉनिटर नसेल तर ड्रमवाल्याच्या शेजारी उभं राहा आणि त्याच्या पायाकडे बघून वाजवा. मी वर्षानुवर्षं असंच वाजवतोय.

आणि एक जपायची गोष्ट. जनरेटरवर चालणाऱ्या मांडवात अर्थिंग नसेल तर तारांवर हात आणि माइकला ओठ लागताच झटका बसतो. मला खानापूर तालुक्यात एकदा बसलाय, हात दोन दिवस दुखत होता. माइकच्या जाळीला आणि बेसच्या तारांना आधी टेस्टर लावून बघा. गुणगुण घालवायला डीआयवरचा ग्राउंड लिफ्टचा खटका वापरा. पॉवरच्या प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही तोडू नका, साउंडवाल्यालाही तोडू देऊ नका.

पैसे कसे वाटायचे

दहा रुपये असतील तर सहा बेसला, दोन डीआयला, एक चांगली वायर आणि पट्ट्याला, आणि एक सेटअपला. सेटअप म्हणजे गळ्यातला ट्रस रॉड (गळ्याचा बाक ठरवणारा धातूचा दांडा), तारांची उंची आणि सुराची जुळणी नीट करून घेणं. ते केलेला मध्यम बेस, न केलेल्या महागड्या बेसपेक्षा हाताला हलका लागतो.

बेळगावच्या दुकानांत बेसचे एक-दोन नमुनेच लटकलेले असतात. एकाच वेळी चार-पाच हातात घेऊन बघायचे असतील तर कोल्हापूर, चोर्ला घाटातून गोवा, नाहीतर रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडून बंगळुरू. एक दिवस जातो, पण जावं. दुकानात पहिली आणि शेवटची फ्रेट एकदम दाबून सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमधलं अंतर बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट असावी. मग प्रत्येक तारेवरची प्रत्येक फ्रेट हळू वाजवा, कुठे खरखर किंवा मेलेला सूर आहे का ते ऐका.

आणि शक्य असेल तर गायिकेला सोबत न्या. खानापूरच्या मुलाने तसंच केलं. कोल्हापूरच्या दुकानात त्याच्या ऑर्केस्ट्रातल्या गायिका ताईंनी त्यांच्या पट्टीत दोन ओळी गुणगुणल्या, पांढरी सहा निघाली, आणि मोकळ्या ई तारेवर खालचा पंचम मिळाला. त्याने चार तारांचा पी-जे घेतला.