म्हापशाहून आंबोली, दिवसभराच्या गाडीने: अकरा महिने आणि सात खेपांनंतर

माझी आई ७४ वर्षांची आहे. तिचं माहेर सावंतवाडी तालुक्यातलं, सासर गोव्यातल्या म्हापशाचं. गेली दोनतीन वर्षं तिला इथला उकाडा सोसेनासा झालाय. पारा ३३-३४च्या वर फारसा चढत नाही, पण हवा इतकी दमट की अंगावरचा घाम सुकत नाही आणि तिला रात्री धड झोप लागत नाही. "एकदा घाटावरचो वारो खावक मिळूंदे," असं ती एप्रिल-मेमध्ये रोज म्हणायची. राहायला जावं तर तिला परक्या जागी झोप येत नाही. मग सकाळी जाऊन रात्री घरी परतायचं, असा मार्ग निघाला. गेल्या ऑक्टोबरपासून या ऑगस्टपर्यंत अशा सात खेपा झाल्या. त्यातली एक चोर्ला घाटाची, बाकी सहा आंबोलीच्या. घरात म्हातारं माणूस असलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आधी गाडीचं. स्वतःची गाडी आहे आणि आमचे हे चालवतातही चांगली. पण घाट, धुकं, परतीचा अंधार आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर, हे एकदा केल्यावर त्यांनीच हात जोडले. बसने सावंतवाडीला जाऊन तिथून आंबोलीची एसटी धरता येते आणि तरुणांना मी तेच सांगेन, पण आईच्या गुडघ्यांना एसटीची पायरी झेपत नाही. शेवटी चालकासकट दिवसभराची गाडी करायची ठरवली.

पहिली खेप फसली. इथल्या एका एजंटाकडून गाडी ठरवली. भाडं कमी सांगितलं म्हणून मी फार चौकशी केली नाही. गाडी आली ती पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी. गोव्याची हद्द ओलांडून बांद्याच्या पुढे गेलो आणि तपासणीला थांबवलं. भाड्याने माणसं नेण्याचा परवानाच गाडीला नव्हता. पाऊण तास आई उन्हात गाडीत बसून, चालक फोनवर, आणि एजंट फोन उचलत नाही. दंड भरून सुटलो, तो चालकाने भरला, पण आईचा चेहरा उतरला तो दिवसभर तसाच. चूक माझीही होती. गाडी ठरवताना पहिला प्रश्न पाटीचा विचारायला हवा होता. टॅक्सीची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी असतात. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं दिसली तर ती आपण स्वतः चालवायची भाड्याची गाडी. आणि आंबोली महाराष्ट्रात असल्यामुळे नुसती पिवळी पाटीही पुरत नाही, दुसऱ्या राज्यात जायचा पर्यटक परवाना लागतो. आता मी आदल्या दिवशीच परवान्याचा फोटो मागून घेते. मागायला संकोच वाटतो, पण चांगला चालक लगेच पाठवतो.

दुसऱ्या खेपेपासून पेडण्याकडचे एक चालक मिळाले आणि आजतागायत तेच येतात. त्यांचं नाव इथे देत नाही. पन्नाशीचे गृहस्थ, बोलणं मालवणी वळणाचं. पहिल्याच दिवशी दार उघडून म्हणाले, "आवशीक फुडे बसवा, घाटात मागे बसला की पोटात ढवळता." तोवर आम्ही आईला मानाने मागच्या सीटवर बसवत होतो आणि दर वळणाला तिला मळमळायचं. तेव्हापासून पुढची सीट तिची. एकदाही उलटी झालेली नाही. ती त्यांना "पुता" म्हणते, आणि दाणोलीला साटम महाराजांच्या समाधीपाशी थांबायचं हे त्या दोघांचं परस्पर ठरलेलं असतं.

भाड्याचं सांगते. डिसेंबरात पाच जणांच्या गाडीला ४,२०० रुपये होते, आता ४,८०० घेतात. बारा तास, घर ते घर, डिझेल त्यांचं. बारा तासांवर गेलं तर तासाला २५० वेगळे. चालकाचं जेवण आम्ही आमच्याबरोबरच करतो. स्वतःच्या गाडीने गेलो तर जाऊन-येऊन दीडशे-एकशेसाठ किलोमीटरला पेट्रोल हजार-बाराशेचं लागतं, म्हणजे फरक मोठा आहे. आमच्यासारख्या नोकरदार घराला दर महिन्याला हे झेपणारं नाही, म्हणून दीड महिन्याचं अंतर. तरीही मी पैसे वाया गेले असं म्हणणार नाही. दिवस आपल्या हाती राहतो, याचे ते पैसे आहेत. आईला चहा हवा तर तिथे थांबायचं, दमली तर तासभर गाडी झाडाखाली, वारा बोचायला लागला की दुपारी तीनला परत. कुठल्याही ठरीव सहलीत हे मिळत नाही.

निघायचं पहाटे पावणेसहाला. कोलवाळला शापोरा नदीवरचा पूल ओलांडताना उजाडायला लागतं. पेडणे, मग पत्रादेवी. तिथे आई दर वेळी हात जोडते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवा मुक्तीसाठी आलेल्या सत्याग्रहींवर गोळीबार झाला, त्या हुतात्म्यांचं स्मारक तिथे आहे. १९६१च्या आधी ही दोन राज्यांची नव्हे, दोन देशांची हद्द होती आणि तिच्या माहेरचे लोक पलीकडचे होते, हे आई चालकाला सांगत असते आणि ते प्रत्येक वेळी नव्याने ऐकल्यासारखं ऐकतात. पुढे बांदा, मग इन्सुलीचा तपासणी नाका. गोव्यातून दारू नेली जाते म्हणून तिथे गाड्या बघतात. गाडीत बाटली ठेवायची नाही ही चालकांची पहिल्या दिवसापासूनची अट आहे आणि मला ती आवडली.

सव्वासात-साडेसातला सावंतवाडी. मोती तलावाच्या जवळ घावणे-चटणी नाहीतर उसळ-पाव. इथे स्वच्छतागृह वापरून घ्यावं, हे विशेषतः बायकांसाठी सांगते. पुढे वर जाईपर्यंत धड जागा नाही, आणि वर पोचल्यावरही हॉटेलात चहा घेतल्याशिवाय विचारायला अवघड वाटतं. इतकी गर्दी ओढणाऱ्या ठिकाणी ही सोय अजून नीट नसावी याचं मला खरंच वाईट वाटतं.

दाणोली सोडली की घाट सुरू. वेंगुर्ल्याच्या बंदरातून बेळगावला जाणारी ही जुनी वाट. आंबोली साधारण ६९० मीटर उंचीवर आहे. दर हजार मीटरला पारा सहा-साडेसहा अंशांनी उतरतो असा ढोबळ हिशेब असतो, म्हणजे म्हापशापेक्षा वर चार-साडेचार अंश कमी. गाडीच्या काचेखालचा आकडा मी दर वेळी बघते आणि तो साधारण तेवढाच फरक दाखवतो. मेमध्ये दुपारी दोनला म्हापशात घरच्यांनी फोनवर ३४ सांगितलं, आमच्या गाडीत बाहेरचं २९ दिसत होतं. म्हणून मे महिन्यात दुपारी शाल पांघरायला मिळेल अशा आशेने कुणी जाऊ नये. ऊन लागतं. पण झाडाखाली बसलं की अंगावरचा घाम सुकतो, आईला तेवढंच हवं असतं. पाचनंतर महादेवगडच्या बाजूला जो वारा सुटतो, त्याने मात्र मेमध्येही तिने पदर डोक्यावरून घेतला. त्याच खेपेत रस्त्याकडेला करवंदं आणि जांभळं घेतली. डिसेंबरची सकाळ तर वेगळीच. साडेआठला गाडीतून उतरलो तेव्हा तोंडातून वाफ येत होती आणि आई लहान मुलीसारखी हसत होती. ती बघायला मी आणखी दहा वेळा पैसे भरेन.

आईला सगळ्यात आवडतं ते हिरण्यकेशी. गावापासून पाचेक किलोमीटर, गाडी जवळपर्यंत जाते, मग थोडं चालणं. सपाट वाट आहे, आम्ही हात धरून सावकाश नेतो. डोंगराच्या पोटातल्या गुहेतून पाणी येतं, तिथेच महादेवाचं देऊळ. इथून निघणारी हिरण्यकेशी पूर्वेकडे वाहत घटप्रभेला मिळते, तिचं पाणी कृष्णेत जाऊन बंगालच्या उपसागराला पोचतं. घाटाच्या पश्चिम उतारावर पडलेला पाऊस मात्र आपल्या अरबी समुद्राकडे येतो. कड्याच्या एका बाजूचा थेंब या समुद्रात, दुसऱ्या बाजूचा त्या समुद्रात, हे आईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. याच पाण्यातल्या एका छोट्या सोनेरी माशाला २०२० मध्ये 'शिस्टुरा हिरण्यकेशी' हे नाव मिळालं आणि २०२१ मध्ये ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. असं असून लोक तिथे पाय धुतात आणि निर्माल्याच्या प्लास्टिकच्या पिशव्या टाकतात. आमच्या चालकांनी एकदा एका पोराला पिशवी पाण्यातून काढायला लावली होती.

फेब्रुवारीत बदल म्हणून चोर्ला करून बघितला. डिचोली, साखळी, केरी, मग अंजुणे धरणाच्या बाजूने चढ. उंची आंबोलीपेक्षा थोडी जास्त, अंतर कमी, झाडी सुंदर. पण म्हाताऱ्या माणसाने उतरून निवांत बसावं अशा जागा कमी, आणि बेळगावकडून भाजी आणणाऱ्या गाड्यांची वर्दळ. आई गाडीतच बसून राहिली. ज्यांना पायी भटकायचंय त्यांना चोर्ला आवडेल. आम्ही परत आंबोलीकडे वळलो.

आता पावसाळा, कारण बहुतेक लोक विचारतात ते त्याच दिवसांचं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात मंगळवारी गेलो. अरबी समुद्रावरून आलेले ढग या कड्याला अडून वर चढतात आणि इथेच रिकामे होतात, म्हणून आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. घाटातला मोठा धबधबा आईने गाडीत बसूनच बघितला, काच खाली करून तुषार घेतले. कावळेसादच्या कड्यावर खालून वर येणारा वारा पाणी उलटं उडवतो. तिथे मी तिला गाडीबाहेर येऊ दिलं नाही, वाऱ्याने छत्री नव्हे माणूसही हलतो. नांगरतासचा धबधबा रस्त्याला लागूनच आहे, दोन मिनिटांत बघून होतं.

जुलैत मात्र मी चूक केली. यांना सुटी म्हणून रविवार धरला. घाटात गाड्यांची रांग लागली, दोन तास आम्ही हललो नाही. उघड्या डिकीतून गाणी, रस्त्यात नाचणारी पोरं, काचांचे तुकडे. आईला लघवीला जायचं होतं आणि जायला जागा नव्हती. शेवटी धबधब्याच्या अलीकडूनच गाडी वळवली आणि सावंतवाडीत जेवून परतलो. चालकांनी आदल्या दिवशी "रविवार नको" म्हटलं होतं, मी ऐकलं नव्हतं. त्यांनी बारा तासांचे पूर्ण पैसे घेतले नाहीत, मी दिले तरी पाचशे परत केले. पावसाळ्यात शनिवार-रविवार सोडूनच जा, हे मी अगदी कळकळीने सांगते.

चालकाची किंमत कळते ती धुक्यात. जूनच्या त्या परतीच्या वाटेवर चारलाच समोरचं काही दिसेना. बरेच जण चारही इंडिकेटर लावून चालवत होते. आमच्या चालकांनी तसं केलं नाही. चारही दिवे लुकलुकत असले की आपण कुठल्या बाजूला वळतोय हे मागच्याला कळत नाही, असं ते म्हणाले. खाली रोखलेले पिवळे दिवे, काचेवर वाफ धरू नये म्हणून एसी चालू, आणि सगळा उतार दुसऱ्या गिअरात. ब्रेकवर सतत पाय ठेवला तर ब्रेक तापतात आणि नेमके लागतात तेव्हा धरत नाहीत. संध्याकाळी एका ठिकाणी त्यांनी गाडी जवळजवळ थांबवलीच. रस्त्यावर बेडूक उतरले होते. अंगावर वाघासारखे पट्टे असलेला एक भेक फक्त आंबोली आणि आसपासच्या भागात सापडतो, त्याला २००९ मध्ये शास्त्रीय नाव मिळालं. रस्त्यावर त्यातला कुठला होता मला सांगता येणार नाही, पण ते सगळे पलीकडे जाईपर्यंत आम्ही थांबलो. मागचा एक जण हॉर्न वाजवत होता, तरी थांबलो.

एक अडचण अजून सुटलेली नाही. घाटात फोनला रेंज धड नसते. म्हणून निघतानाच घरी सांगून ठेवते की साडेसहापर्यंत दाणोलीहून फोन येईल. आईच्या गोळ्या, पाण्याची बाटली, कोरडे कपडे, कानटोपी आणि प्लास्टिकच्या दोन पिशव्या पुढच्या सीटखालच्या कापडी पिशवीत असतात. माकडांमुळे खाण्याचं काही हातात धरून उतरायचं नाही, हे आईला आम्हीच आठवण करून देतो, कारण तिला त्यांना केळं द्यायचं असतं.

पुढची खेप चवथ झाल्यावर. चवथीच्या आधी गाडी मिळायची नाही असं चालकांनी कळवलंय, त्यांच्याही घरी गणपती असतो. आईने विचारलं, तेव्हा थंडी असेल का. ऑक्टोबर असेल, सकाळी थोडी असेल म्हटलं. तिने डिसेंबरातली शाल धुऊन पिशवीत ठेवलीये.