एका मॉलिक्यूलचा करंट मोजायला घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर: सहा महिन्यांनंतर

आमच्या लॅबमध्ये ब्रेक जंक्शनचं काम चालतं, म्हणजे सोन्याचं टोक सोन्याच्या पृष्ठभागाला टेकवायचं, मग हळूहळू मागे ओढायचं, शेवटचा अणू तुटला की फटीत एखादा मॉलिक्यूल अडकतो आणि त्यातून करंट जातो. २००३ मध्ये शू आणि ताओ या संशोधकांनी बायपिरिडीन नावाच्या छोट्या मॉलिक्यूलवर हेच करून दाखवलं, हजारो वेळा ओढून मग हिस्टोग्राम (कोणता करंट किती वेळा दिसला त्याचा आलेख). त्यासाठी हा अ‍ॅम्प्लिफायर घेतला (कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही).

चांगली गोष्ट आधी सांगते. नॉइज खरंच कमी आहे. ०.१ व्होल्टला सोन्याच्या एका अणूतून साधारण ७.७५ मायक्रोअँपिअर जातात, टोक ओढताना करंट पायरीपायरीने उतरतो त्यातली ती पायरी स्क्रीनवर इतकी स्वच्छ दिसली की मी दोन मिनिटं नुसती बघत बसले. बायपिरिडीनची पायरी त्याच्या शंभराव्या भागाजवळ, तीही सापडली.

पण गेन (करंट किती पट वाढवून दाखवायचा ते) एका वेळी एकच ठेवता येतो, मोठ्या करंटला सेट केला की पिकोअँपिअरवाले मॉलिक्यूल नॉइजमध्ये बुडतात, आणि वाढवला की सोन्याची पायरी सॅच्युरेट होते, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच्या मर्यादेबाहेर जाते. शिवाय आमच्या पीसची केबल ढिली निघाली, तीन आठवडे ५० हर्ट्झचा हम (विजेच्या लाइनमधून घुसणारा नॉइज) शोधत गेले, सर्व्हिसवाल्यांनी फोनही उचलला नाही. लांब, कमी वाहणाऱ्या मॉलिक्यूलवर काम असेल तर लॉगरिदमिक अ‍ॅम्प्लिफायरच बघा, तो लहान-मोठे करंट एकाच सेटिंगवर दाखवतो.