टायगर-रेडटेल हायब्रिड कॅटफिश: वापरानंतरचा अनुभव (टाकीची रुंदी आधी मोजा)

परवा रात्री वीज गेली. परत आली तेव्हा टाकीवरचा दिवा एकदम लागला, मासा दचकला आणि समोरच्या काचेवर जाऊन आदळला. थोबाड सोलवटलं, एक मिशी मुळाशी फाटली. म्हणून लिहायला बसलो.

टायगर शोवेलनोज आणि रेडटेल या दक्षिण अमेरिकेतल्या दोन मोठ्या कॅटफिशचा (मिशावाल्या माशांचा) हा संकर. दुकानात तो वीतभरसुद्धा नसतो. "टाकी जेवढी, तेवढाच वाढतो," असं मला विकणाऱ्याने सांगितलं होतं. ही साफ थाप आहे. हा मासा तीन फुटांपर्यंत आरामात जातो, आणि लहान टाकीत वाढ खुंटलीच तर ती दूषित पाण्याने आणि आजारपणाने खुंटते.

सुरुवातीचे बरेच महिने मी याला भांडखोर म्हणायचो. टाकीतले सिल्व्हर डॉलर जातीचे छोटे मासे एकेक करून गायब झाले. पण तोंडात मावेल ते गिळणं हे त्याचं जेवण, त्यात राग नाही. मात्र तोंडात न मावणाऱ्या ऑस्कर माशालाही ढुशा मारायला लागला, तेव्हा हा तापटच, असं माझं मत झालं.

ते मत आता बदललंय. टाकीचा जोड गळायला लागला म्हणून याला आणि ऑस्करला मित्राच्या आठ बाय पाच फुटांच्या सिमेंटच्या हौदात ठेवलं. तिथे ढुशा बंद! दिवसभर एका कोपऱ्यात पडून राहायचा, संध्याकाळी संथ फेऱ्या मारायचा. परत घरच्या टाकीत आणला आणि चार दिवसांत पुन्हा तेच सुरू.

फरक रुंदीचा. सगळे लांबी आणि लिटर विचारतात. माझी टाकी सहा बाय दोन बाय दोन, पाणी पावणेसातशे लिटर, ऐकायला भरपूर. पण पुढून मागे फक्त दोन फूट, आणि मासा त्याहून लांब. वळताना प्रत्येक वेळी थोबाड काचेला घासतं. तिथली कातडी जाते, मग कापसासारखी पांढरी बुरशी धरते. अंगावर खवले नाहीत, त्यामुळे तांबं असलेली औषधं याला सोसत नाहीत. मी तरी औषधापेक्षा पाणी बदलण्यावरच भर देतो.

बाकीचं थोडक्यात. हीटर सम्पमध्ये (फिल्टरच्या वेगळ्या टाकीत) टाका. मुख्य टाकीत ठेवला तर मासा तो फोडतो किंवा त्याला टेकून भाजून घेतो. तळाला खडी नको, घासाबरोबर गिळतो. जिवंत गोल्डफिश घालू नका, परजीवी येतात आणि थायामिन (जीवनसत्त्व बी-१) कमी पडतं. बुडणारे पेलेट (खाद्याच्या गोळ्या), अधूनमधून सोललेली कोळंबी, मोठा झाल्यावर आठवड्यातून दोन-तीनदाच. रोज चारलं तर यकृतावर चरबी चढते. आणि टाकीतला दिवा लावण्याआधी खोलीतला लावा.

मासा म्हणून पाचपैकी पाच. मला ओळखतो, हातातून खातो. पण फ्लॅटमध्ये ठेवायला शून्य. आठ बाय पाचच्या टाकीत अडीच फूट पाणी म्हणजे जवळपास तीन टन, ते वरच्या मजल्यावर कोण ठेवू देईल? मी तळमजल्यावर फायबरची टाकी बसवतोय, काचेपेक्षा बरीच स्वस्त पडली. ज्यांना जमणार नाही त्यांनी घेऊच नका, आणि नकोसा झाला म्हणून धरणात तर मुळीच सोडू नका. उजनी धरणात सकरमाशांनी (टाकीतलं शेवाळ खायला पाळतात ते काटेरी मासे) मच्छीमारांच्या जाळ्यांची काय गत केली आहे, ते त्यांनाच विचारा.