तीन चेंडूंचा स्पायरोमीटर: सहा आठवड्यांच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्यात माझ्या वडिलांच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया दुर्बिणीने होऊ शकली नाही, ती पोट उघडून करावी लागली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी औषधांच्या चिठ्ठीच्या शेवटी तीन चेंडूंचा स्पायरोमीटर, म्हणजे खोल श्वासाच्या व्यायामाचे यंत्र, लिहून दिला आणि मी तो औषधाच्या दुकानातून साडेतीनशे रुपयांना आणला. पुढील सहा आठवडे तो रोज वापरात होता.

पारदर्शक प्लास्टिकच्या तीन उभ्या नळ्या, प्रत्येकीत एक हलका रंगीत चेंडू आणि बाजूला जोडलेली लवचीक नळी, एवढीच त्याची रचना आहे. वडिलांनी नळी तोंडात धरून पूर्ण ताकदीने फुंकर मारली, तेव्हा चेंडू जागचे हललेही नाहीत. "काका, फुंकायचं नाही, सरबत पितो तसं ओढायचं," असे फिजिओथेरपिस्ट ताईंनी समजावून सांगितले. कोविडच्या काळात ही यंत्रे अनेक घरांत पोहोचली, तरी ती फुंकण्यासाठीच आहेत असे समजणारी माणसे मला आजही भेटतात.

ओढण्यावर एवढा भर का, हे समजले तर यंत्राचा उपयोग कळतो. फुफ्फुसांना फुगण्यासाठी स्वतःचे स्नायू नसतात. छाती आणि पोट यांच्या मधले घुमटासारखे श्वासपटल आकुंचन पावून खाली सरकते, बरगड्या वर आणि बाहेर उचलल्या जातात, छातीची पोकळी वाढून आतला दाब किंचित कमी होतो आणि बाहेरची हवा आपोआप आत येते. यंत्रातही हेच घडते: वरचा दाब कमी झाला की खालची हवा चेंडूला उचलते. पोटाच्या वरच्या भागात टाके असले की श्वासपटल खाली सरकताना कळ येते, म्हणून रुग्ण नकळत वरवर श्वास घेऊ लागतो. एरवी आपण तासाभरात अनेकदा लक्षातही न येणारे उसासे टाकत असतो, आणि त्या खोल श्वासांमुळेच मिटू लागलेले वायुकोश (फुफ्फुसांतले हवेचे सूक्ष्म फुगे) पुन्हा उघडतात, त्यांच्या आतल्या बाजूचा साबणासारखा स्निग्ध थर नीट पसरतो. दुखण्याच्या भीतीने हे उसासे थांबले की फुफ्फुसांच्या तळाकडचे वायुकोश मिटून राहतात, कफ साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. मला तरी हे यंत्र म्हणजे हरवलेला उसासा ठरवून परत आणण्याचे साधन वाटते.

मात्र त्याची एक मोठी मर्यादा खरेदीपूर्वीच लक्षात घ्यायला हवी. नळ्यांवरील ६००, ९०० आणि १२०० हे आकडे दर सेकंदाला किती मिलिलिटर हवा ओढली जाते ते सांगतात. म्हणजे ते वेग दाखवतात, आत गेलेली एकूण हवा नाही. तिन्ही चेंडू अर्धा सेकंद वर उडवले, तर जेमतेम ६०० मिलिलिटर हवा आत जाते, आणि त्यातली सुमारे १५० मिलिलिटर नाक, घसा व श्वासनलिकांमध्येच राहून वायुकोशांपर्यंत पोहोचतच नाही. याउलट पहिला एकच चेंडू तीन सेकंद अलगद वर धरून ठेवला, तर १८०० मिलिलिटर हवा आत जाते. वडील सुरुवातीला तिन्ही चेंडू एका झटक्यात उडवून समाधानाने माझ्याकडे बघत. एक चेंडू स्थिर ठेवण्याचे महत्त्व त्यांना पटवण्यात माझे दोन दिवस गेले. यंत्र तिरके धरले तरी चेंडू सहज चढतात, त्यामुळे ते सरळ उभे धरले आहे ना, याकडे घरच्यांनीच लक्ष ठेवावे लागते.

आम्हाला मिळालेल्या यंत्राची नळी दहाव्या दिवशी सांध्यापाशी सैल झाली. तेथून हवा शिरू लागली, चेंडू उठेनात आणि आपली प्रकृती खालावली या विचाराने वडील दुपारभर गप्प बसून राहिले. दुकानदाराने नळी बदलून दिली, पण रुग्णाच्या मनावर परिणाम करणाऱ्या वस्तूचा सांधा इतका कच्चा असू नये. सोबतची माहितीपत्रिका केवळ इंग्रजीत होती आणि भराभर खोल श्वास घेतल्यास रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, याचा तिच्यात उल्लेखही नव्हता. वडिलांना एकदा तशी चक्कर आली. तेव्हापासून प्रत्येक खोल श्वासानंतर ते थोडे थांबू लागले.

वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या कोक्रेन संस्थेने २०१४ मध्ये पोटाच्या वरच्या भागातील शस्त्रक्रियांवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा या यंत्रामुळे फुफ्फुसांच्या तक्रारी टळतात असा ठोस पुरावा हाती आला नव्हता. म्हणून केवळ यंत्रावर विसंबून राहणे मला योग्य वाटत नाही. आम्ही वडिलांना ताठ बसवत होतो, टाक्यांवर उशी दाबून खोकायला लावत होतो आणि दिवसातून चार वेळा चालवत होतो. त्यांच्या सुधारणेत यंत्राचा वाटा किती, हे मला वेगळे काढून सांगता येणार नाही. तरीही उशीशेजारी चेंडू दिसत असल्यामुळे व्यायामाची आठवण राहत होती, हा त्याचा खरा उपयोग आहे.

डॉक्टरांनी सुचवले असेल तर हे यंत्र जरूर घ्यावे. परवडत असेल तर आत गेलेली हवा थेट मिलिलिटरमध्ये दाखवणारा, वर सरकणाऱ्या दट्ट्याचा प्रकार मागावा. तीन चेंडूंचेच घेत असाल, तर दुकानातच नळीचा सांधा ओढून पाहावा.