तैलचित्र म्हणून गळ्यात मारला जाणारा छापील मॅराडोना

फुटबॉलपटू मॅराडोनाचं तैलचित्र मागवणाऱ्यांना कॅनव्हासवरची छापील प्रत विकण्याचा धंदा जोरात आहे. पद्धत ठरलेली. दुसऱ्या चित्रकाराची कामं आपली म्हणून दाखवायची, निम्मे पैसे आगाऊ घ्यायचे, एखादा गाजलेला फोटो सॉफ्टवेअरमधून काढून कॅनव्हासवर छापायचा आणि वरून पारदर्शक जेलचे फटकारे ओढायचे. हाताला खडबडीत लागतं, तेवढ्यावर घेणाऱ्याची खात्री पटते.

चोरी पकडायची ती 'काम सुरू आहे' म्हणून येणाऱ्या फोटोंतच. ते तयार प्रतिमेचे भाग पुसून बनवलेले असतात, म्हणून पहिल्या फोटोतला डोळा शेवटच्या फोटोतही केसभर हललेला नसतो. तैलचित्रात अनेक चित्रकार आधी पातळ तपकिरी रंगात छायाप्रकाश बसवतात, मग त्वचेचे रंग चढवतात. या प्रवासात जबड्याची कड सरकते, भुवई खाली-वर होते. कुठेच काही दुरुस्त केलेलं दिसत नसेल तर पुढचे पैसे अडवा. ओल्या रंगात ब्रश फिरतानाचा व्हिडिओ मागा आणि तुम्ही सांगाल तो शब्द लिहिलेली चिठ्ठी कॅनव्हासशेजारी ठेवायला लावा.

आठवड्याभरात वॉर्निशसकट 'तैलचित्र' मिळेल असं कुणी म्हणालं तर सरळ नकार द्या. तैलरंगाचा थर नुसता हाताला न लागण्याइतका वाळायलाच काही दिवस जातात; शेवटचं वॉर्निश साधारण ६ ते १२ महिन्यांनी देतात. अ‍ॅक्रिलिक रंग लवकर वाळतो, त्यामुळे माध्यम (तैलरंग की अ‍ॅक्रिलिक) आणि माप आधीच लेखी घ्या.

चित्र आलं की गालाचा भाग १० पट भिंगाखाली धरा. छपाई असेल तर शाईचे बारीक ठिपके दिसतात. मग बाजूने टॉर्च मारा: जेलचे फटकारे कुरळ्या केसांच्या वळणाने न जाता भलतीकडेच जातात. जर्सीही तपासा. २२ जून १९८६ च्या इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात अर्जेंटिना गडद निळ्या जर्सीत होती. त्या सामन्यातल्या गोलचं चित्र निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत आलं तर भलताच फोटो वापरलाय. अर्जेंटिनाच्या फुटबॉल संघटनेचं बोधचिन्ह मॅराडोनाच्या स्वतःच्या उजव्या छातीवर दिसलं तर प्रतिमा उलटी छापलीय.

पैसे तीन हप्त्यांत द्या: रेखाटन पसंत पडल्यावर, तपकिरी थर व्हिडिओत दिसल्यावर आणि भिंगाची तपासणी झाल्यावर. तक्रारीचा एक शब्दही काढण्याआधी जाहिरात, संभाषण आणि पैसे दिल्याच्या नोंदी यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण कुणकुण लागताच जाहिरात आणि खातं दोन्ही गायब होतात.