सेंट पीटर्सबर्गची सहल: व्हिसा खरा, बाकी सगळं खोटं

सेंट पीटर्सबर्गला सहकुटुंब जाण्यासाठी आम्ही ७,५७,००० रुपये भरले. हातात पडले ते व्हिसाचे सहा कागद. विमानाची तिकिटं निघालीच नव्हती, हॉटेलात आमच्या नावाची खोली नव्हती आणि हर्मिटाज संग्रहालयाची तिकिटं कुणीतरी कॉम्प्युटरवर तयार केलेली होती. हे सगळं लिहून काढतेय, कारण फसवणाऱ्याने आम्हाला सांगितलेल्या बहुतेक गोष्टी खऱ्या होत्या. रशियाला जाणाऱ्या भारतीयासमोर आज ज्या खऱ्याखुऱ्या अडचणी आहेत, त्यांच्यावरच त्याने आपला डाव मांडला. त्या अडचणी अजून तशाच आहेत आणि असे लोकही अजून बाजारात आहेत.

हे शहर आमच्या घरात आलं ते आप्पांमुळे. माझे वडील ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झाले. मिग विमानांच्या त्या कारखान्यात सोव्हिएत इंजिनिअर येत-जात. त्यांच्याबरोबर काम करता करता आप्पांना रशियन अक्षरं वाचता यायला लागली, थोडंफार बोलताही यायला लागलं. त्यातला एकजण लेनिनग्राडचा, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गचा होता. जर्मन सैन्याचा वेढा ८ सप्टेंबर १९४१ला पडला आणि २७ जानेवारी १९४४ला उठला. त्या ८७२ दिवसांत त्याच्या घरातली निम्मी माणसं उपासमारीने गेली. आप्पांना पिस्कारियोव्स्कोये स्मशानभूमीत जायचं होतं. वेढ्यात गेलेले जवळपास पाच लाख लोक तिथे सामूहिक कबरींमध्ये आहेत. आईला पीटरहॉफची कारंजी बघायची होती. पंपाशिवाय, नुसत्या पाण्याच्या उतारावर ती चालतात, हे कळल्यापासून तिला त्याचं फार अप्रूप. मुलाला नेव्हा नदीवरचे पूल रात्री उघडताना बघायचे होते. जूनमध्ये तिथे रात्र होतच नाही म्हणतात तशी ती पांढरी रात्र असते, म्हणून जूनच ठरला.

आम्हाला फसवणारे हे एजंट गृहस्थ मुळात मुलांना एमबीबीएससाठी रशियात पाठवायचे. नवऱ्याच्या ओळखीतल्या एकाची मुलगी त्यांच्यामार्फत गेली होती आणि व्यवस्थित शिकतही होती. त्यांनी आता फॅमिली टूरही सुरू केल्या आहेत, असं कळलं. पहिल्याच फोनवर त्यांनी जे सांगितलं ते शब्दन् शब्द बरोबर होतं. मार्च २०२२पासून भारतातलं व्हिसा कंपनीचं कार्ड किंवा मास्टरकार्ड रशियात चालत नाही. बुकिंग डॉट कॉम आणि एअरबीएनबी यांनीही तेव्हाच तिथलं काम थांबवलं. पांढऱ्या रात्रींच्या दिवसांत नेव्स्की या तिथल्या मुख्य रस्त्याच्या आसपास खोल्या महिनोन्‌महिने आधी भरतात. मी हे सगळं नेटवर पडताळलं आणि सगळं जुळलं. माणूस माहितगार आहे असं घरातल्या प्रत्येकाला वाटलं, आणि तसा तो होताच.

मग या खऱ्या माहितीला तो एक खोटं वाक्य जोडायचा. "कार्ड चालत नाही, आणि रोख डॉलर तुम्हाला फार नेता येत नाहीत. त्यामुळे हॉटेलपासून गाइडपर्यंत सगळं इथेच रुपयांत भरून टाका." पहिला भाग खरा आहे, दुसरा नाही. परदेशात जाताना रोख परकीय चलन ३,००० डॉलरपर्यंतच घेता येतं, हा नियम बहुतेक देशांसाठी आहे. रिझर्व्ह बँकेच्या त्याच नियमात रशियाला मात्र सूट आहे. परकीय चलनाची सगळी मंजूर रक्कम तिथे जाणारा माणूस रोख नोटांमध्ये घेऊ शकतो. अधिकृत मनी चेंजरकडून डॉलर किंवा युरो घ्यायचे, पावती जवळ ठेवायची आणि तिथल्या बँकेत रुबल करून घ्यायचे, इतकं ते सरळ आहे. रशियात शिरताना १०,००० डॉलरपेक्षा जास्त रोख असेल तरच कस्टम्सला लिहून द्यावं लागतं. ही एक गोष्ट माहीत असती तर हॉटेलला थेट ईमेल करून, पैसे पोचल्यावर रोख देण्याच्या बोलीवर खोली धरता आली असती. तशी खोली धरून देणारी हॉटेलं तिथे आहेत. सगळे पैसे आधी इथेच भरायचे, हे कारणच उरलं नसतं.

पहिला हप्ता विमानाचा होता, २,४०,००० रुपयांचा. दोन दिवसांत पीएनआर आला. विमान कंपनीच्या साइटवर टाकला तर सहाही जणांची नावं, दुबईमार्गे सेंट पीटर्सबर्गचं पुलकोवो विमानतळ, तारखा, सगळं दिसत होतं. इथे सगळ्यांनी नीट लक्ष द्या. पीएनआर म्हणजे तिकीट नव्हे. एजंट पैसे न भरता जागा काही काळ धरून ठेवू शकतो आणि तेवढ्यानेही पीएनआर तयार होतो. मुदत संपली की ते बुकिंग आपोआप रद्द होतं. खरं तिकीट निघालं की प्रत्येक प्रवाशाच्या नावापुढे वेगळा तेरा आकडी तिकीट क्रमांक येतो आणि त्याचे पहिले तीन आकडे विमान कंपनीचे असतात. आमच्या कागदावर तो क्रमांक नव्हता. तो बघायचा असतो, हे कुणीच कधी सांगत नाही.

दुसरं पाऊल व्हिसाचं. माझ्या मते हा त्याच्या डावातला सगळ्यात हुशार भाग, कारण व्हिसा अस्सल होते. रशियाने १ ऑगस्ट २०२३पासून भारतीयांना ई-व्हिसा सुरू केला आहे. त्यासाठी निमंत्रणपत्र लागत नाही, हॉटेलचं बुकिंग लागत नाही, दूतावासात जावं लागत नाही. पासपोर्टचं पान आणि फोटो चढवायचा, फी भरायची, साधारण चार दिवसांत व्हिसा ईमेलवर येतो. फी सुमारे ५० डॉलर आहे आणि सहा वर्षांखालच्या मुलांना ती माफ आहे. आमच्याकडून त्याने "तातडीचा व्हिसा आणि निमंत्रणपत्र" म्हणून माणशी ९,५०० घेतले, माझ्या चार वर्षांच्या लेकीचेही. एकूण ५७,०००. सरकारी फी पाच जणांची मिळून बावीस-तेवीस हजारांच्या घरात जाते. या ई-व्हिसात तातडीचा असा वेगळा प्रकार नाही. निमंत्रणपत्र जुन्या पद्धतीच्या, पासपोर्टवर चिकटवायच्या व्हिसाला लागतं. हा अर्ज रशियाच्या परराष्ट्र खात्याच्या साइटवर स्वतः भरा. साइटच्या नावाचा शेवट "केडीएमआयडी डॉट आरयू" (kdmid.ru) असाच आहे ना, तेवढं बघा, कारण सर्चमध्ये वरती दिसणाऱ्या बऱ्याच साइट खासगी दलालांच्या असतात.

पण जास्तीचे गेलेले पैसे हा त्यातला लहान भाग. व्हिसाचे कागद आले, खरे निघाले आणि घरात शंका नावाला उरली नाही. आईने शेजारी पेढे वाटले. त्यानंतर आठवड्याभरात त्याने उरलेले ४,६०,००० मागितले: हॉटेल, गाइड, पीटरहॉफची वेगवान बोट, त्सार्स्कोये सेलोच्या राजवाड्याची तिकिटं. रक्कम तीन वेगवेगळ्या नावांच्या बचत खात्यांत घालायला सांगितली. कारण काय, तर "टीसीएस वाचतो". परदेशी टूर पॅकेज विकणाऱ्याला ग्राहकाकडून पॅन घेऊन टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच आगाऊ घ्यायचा आयकर, गोळा करावाच लागतो. ही रक्कम आपल्या नावावरच्या कराच्या नोंदीत (२६एएस) दिसते आणि रिटर्न भरताना वळती करून घेता येते. म्हणजे वाचवण्यासारखं त्यात काही नसतं. त्याला वाचवायची होती ती नोंद. ना जीएसटीचं बिल, ना कंपनीचं खातं, ना टीसीएस. उद्या पोलिसांत गेलो तर कागदावर आमचे पैसे तीन अनोळखी माणसांना दिलेले दिसणार. कुणीही तुम्हाला टीसीएस वाचवून देतो म्हणाला तर त्याच क्षणी उठून निघा.

बिंग फुटलं ते आप्पांमुळे. दिवसवार कार्यक्रम आला, त्याची प्रिंट काढून ते दोन दिवस पेन्सिल घेऊन बसले होते. सोमवारी हर्मिटाज लिहिलेलं होतं आणि सोबत त्याच तारखेची तिकिटंही होती, क्यूआर कोडसकट. हर्मिटाज सोमवारी बंद असतं. १७६४मध्ये राणी कॅथरिनने उभं केलेला हा संग्रह बघायला जगभरातून लोक जातात. सोमवारी तो बंद असतो, हे तिथे माणसं नेणाऱ्याला माहीत नाही असं होऊच शकत नाही. आप्पांना दुसरं खटकलं ते पुलांचं. हॉटेल वासिलियेव्स्की बेटावर, आणि रात्रीची बोट संपणार नदीच्या दुसऱ्या काठाला, दोनच्या सुमारास. त्या वेळी जहाजांसाठी पूल उचललेले असतात, पहाटेपर्यंत बेटावर पायी किंवा टॅक्सीने जाणं अवघड. "चार वर्षांची पोर घेऊन आपण रात्रभर कुठं थांबायचं?" असं त्यांनी त्या गृहस्थाला फोनवर विचारलं. तो म्हणाला, "काका, तिकडे सगळी सोय असते." आप्पांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "हा त्या गावात गेलेला नाही."

त्याच संध्याकाळी त्यांनी हॉटेलला फोन लावला. पन्नास वर्षांपूर्वीचं ओझरचं रशियन, अडखळत, पण रिसेप्शनवरच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. एजंटने दिलेल्या हॉटेलच्या व्हाउचरवरचा क्रमांक त्यांच्या पद्धतीचा नव्हता आणि आमच्या आडनावाचं बुकिंग नव्हतं. दुसऱ्या दिवशी विमान कंपनीला विचारलं तर ते बुकिंग केव्हाच रद्द झालेलं. तुम्हाला रशियन येत नसलं तरी हे सगळं इंग्रजी ईमेलवर होतं. व्हाउचर हातात आलं की ते देणाऱ्याला काही न सांगता हॉटेलला लिहा. पत्ता आणि फोन हॉटेलच्या स्वतःच्या साइटवरून घ्या, व्हाउचरवर छापलेला वापरू नका. संग्रहालयाचं तिकीटही संग्रहालयाच्या साइटवर ताडून बघा.

पुढचे दिवस कारणांचे. पुलकोवो विमानतळ ड्रोनमुळे बंद आहे, निर्बंधांमुळे रशियन बँकेत पैसे अडकलेत, तिथल्या भागीदाराने हात वर केले. ड्रोनमुळे पुलकोवोची विमानं खरोखर काही तास थांबवली जातात आणि बँकांवर निर्बंध खरोखर आहेत. म्हणूनच बातम्या बघणाऱ्या माणसाला ही कारणं पटतात. शेवटी त्याने पूर्ण रकमेचा पुढच्या तारखेचा चेक दिला आणि "पोलिसांत गेलात तर सगळंच अडकेल" अशी प्रेमळ विनंती केली. नवऱ्याचं म्हणणं होतं, चेक वटेपर्यंत थांबू. आप्पा थांबले नाहीत, आणि ते बरोबर होते. चेक हा वेळ काढायचा मार्ग असतो. पैसे ज्या खात्यांत गेले तिथून ते पुढे सरकण्याआधी १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला कळवलं तर बँक ते गोठवू शकते. तोच वेळ चेकच्या नादात निघून जातो. आम्ही कळवलं तेव्हा तीनपैकी एका खात्यात १,१०,००० शिल्लक होते, ते गोठवले गेले. बाकीचे निघून गेले होते. चेक अर्थातच वटला नाही.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा नोंद झाला आहे. चौकशीत आमच्यासारखीच आणखी कुटुंबं पुढे आली. न वटलेल्या चेकसाठी बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते, ती आम्ही दिली. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही ऑनलाइन तक्रार करता येते. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर त्याला फी लागत नाही, आमची त्याहून जास्त म्हणून थोडी भरावी लागली. गोठवलेली रक्कम सोडवायला कोर्टाचा आदेश लागतो, तो अर्ज चालू आहे. सहा जणांच्या पासपोर्टच्या प्रती आणि आमचे पॅन अजून त्या माणसाकडे आहेत, याची मला पैशांइतकीच काळजी वाटते. दर महिन्याला मी क्रेडिट रिपोर्ट काढून बघते, आमच्या नावावर कुणी कर्ज तर उचललं नाही ना.

तुमच्यापैकी कुणी या उन्हाळ्यासाठी अशाच रीतीने पैसे भरून बसलं असेल, तर एजंटला फोन करण्याआधी विमान कंपनीला करा आणि प्रत्येकाचा तेरा आकडी तिकीट क्रमांक मागा. क्रमांक नाही म्हणाले तर त्याच तासात १९३०ला फोन करा, हातात चेक असला तरी. ज्या ज्या खात्यांत पैसे घातलेत त्यांचे क्रमांक आणि व्यवहाराचे यूटीआर, म्हणजे बँकेचे संदर्भ क्रमांक, समोर लिहून ठेवा, पहिला प्रश्न तोच विचारतात.