लिव्हर घरातल्याचं घ्यायचं की लिस्टवर थांबायचं?

सिरॉसिसच्या (लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं) पेशंटला ट्रान्सप्लांट सांगितलं की ठाणे-नवी मुंबईतल्या घरापुढे दोनच रस्ते असतात, एकतर मुंबईच्या झेडटीसीसीकडे (अवयववाटपाची वेटिंग लिस्ट सांभाळणारी संस्था) हॉस्पिटलमार्फत नाव नोंदवून ब्रेन डेड डोनरची वाट बघायची, नाहीतर घरातल्या कोणाच्या तरी लिव्हरचा भाग घ्यायचा. माझं मत आधीच सांगते, पेशंटचं बघाल तर घरातला डोनर बरा. पण ऑपरेशन दोघांचं होणार असतं.

चांगल्या सेंटरला दोन्हीकडे वर्षभरानंतर साधारण 90 टक्के पेशंट जिवंत असतात, त्यामुळे लोकांना वाटतं सारखंच आहे की. पण लिस्टवर वाट बघता बघता जे गेले ते या आकड्यात येतच नाहीत ना! अमेरिकेत 9 हॉस्पिटलांच्या अभ्यासात हेच दिसलं, घरच्या डोनरकडून ट्रान्सप्लांट झालेल्यांमध्ये मृत्यू कमी, थांबलेल्यांमध्ये जास्त. आपल्याकडे तर अवयवदानच कमी, पोटात पाणी भरून दर आठवड्याला काढावं लागणाऱ्या माणसाला किती थांबवणार?

घरच्या डोनरमध्ये त्रास होतो तो पित्तनळीचा. अख्खं लिव्हर आलं की नळी मोठी असते, भाग घेतला की बारीक, कधी दोन-तीन, त्या जोडल्या की लीक होतात नाहीतर पुढे आकसतात, मग ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनळीवर उपचार), स्टेंट (नळी उघडी ठेवणारी बारीक ट्यूब) आणि तो बदलायला परत परत अ‍ॅडमिट. जीव सहसा जात नाही पण माणूस कंटाळून जातो. शरीराने नवं लिव्हर नाकारू नये म्हणून रिजेक्शनच्या गोळ्या दोन्हीकडे जन्मभर.

आता डोनर. मोठ्या माणसाला बहुतेकदा उजवा भाग लागतो, म्हणजे 60 टक्क्यांच्या आसपास लिव्हर जातं, उरलेलं दोन-तीन महिन्यांत बरंचसं वाढतं हे खरं, पण त्यात डोनर दगावण्याचा धोका साधारण 200 ते 500 मागे एक इतका असतो आणि हा आकडा डोनरला एकट्याला बसवून सांगितला पाहिजे, अख्ख्या खानदानासमोर नाही. बरगडीखालची जखम खोकला आला तरी ओढते, दोन-तीन महिने जड उचलायचं नाही, ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत तर शिरायचंच नाही, त्यामुळे कमावता मुलगा डोनर असेल तर त्या महिन्यांचा घरखर्च आधी बघा.

बायको, आई, बहीण यांनाच पहिलं विचारलं जातं हे मला खटकतं. सून तर कायद्याच्या जवळच्या नातेवाइकांत बसतच नाही, तिला ऑथोरायझेशन कमिटीची (जवळचा नातेवाईक नसलेल्या डोनरला मंजुरी देणारी समिती) परवानगी लागते. कोणीही असो, नको वाटत असेल तर ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला किंवा डॉक्टरांना एकटं भेटून सांगावं, घरी फक्त "मेडिकली फिट नाही" एवढंच कळवतात.

आणि डोनरच्या टेस्ट चालू असल्या तरी लिस्टवर नाव घालूनच ठेवा, सीटीत फॅटी लिव्हर (लिव्हरमध्ये चरबी) निघून डोनर बाद होणं अगदी कॉमन आहे.